बिननावाची ओळ

फुकट दिलेल्या वस्तूला लोक जास्त नावं ठेवतात, हे नागसेनला एव्हाना पाठ झालं होतं. अमरावतीच्या राजापेठेत, एका शिकवणीवर्गाच्या वरच्या माळ्यावरच्या घरात बसून तो कित्येक वर्षं कॉम्प्युटर प्रोग्रामरांची तीन हत्यारं सांभाळत होता. असेंबलर हा माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत करायचा, लिंकर त्यांचे तुकडे जोडायचा आणि डिबगर चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवायचा. तिन्ही सगळ्यांना फुकट, सगळ्यांना खुली. म्हणूनच जगभरातला प्रत्येक आळशी माणूस त्याच्यावर खेकसायला मोकळा. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजा," असं बायको पिंकी म्हणायची, आणि त्याला राग यायचा तो ती खरं बोलते याचा.

त्या दुपारी खाली स्कूटींचे हॉर्न कोकलत होते, कूलर नुसताच घरघरत होता आणि अकोल्याहून मनोजचा फोन आला. मनोज कॉलेजात शिकवायचा आणि उरल्या वेळात नागसेनच्या कामाला हात लावायचा.

"डिबगरच्या यादीत एक ओळ जास्तीची येऊन राहिली ना बे. म्या एकच प्रोग्राम धरला, तो दाखवते दोन. दुसऱ्याले नावच नाही."

"तूच काहीतरी घोळ केला असशील."

"दरवेळी घोळ मीच कराव का? तुयं पाह्य ना आधी!"

नागसेनने चरफडत आपल्या लॅपटॉपवर पाहिलं. तिथेही दोन ओळी. दुसरी बिननावाची, आणि चालू. 'पाहतो' म्हणून त्याने फोन ठेवला आणि ती ओळ थांबवली.

स्वयंपाकघरात पिंकी फोनवर बहिणीशी बोलत होती. "अवं शकुन, म्या तिले तोंडावर सांगतलं का—" आणि ती गप्प झाली.

त्याने ओळ चालू केली.

"—लग्नात येऊच नको म्हणून!"

त्याने परत थांबवली. परत अर्धं वाक्य हवेत राहिलं. योगायोग, दुसरं काय! तरी तो उठून पाहायला गेला.

गॅसवर दूध उतू जात होतं. पिंकी त्याच्यासमोर उभी होती, फोन कानाशी, डोळे उघडे. पापणी लवत नव्हती, छाती हलत नव्हती. तिच्या ओठावर माशी बसली होती.

तो धडपडत परत आला आणि कळ दाबली.

"अरे बाप्पा! दूध गेलं ना सारं! अन् तुमी तिथं नुसते बसून राहा!"

नागसेनने डिबगर बंद करायला हात नेला आणि चटकन मागे घेतला. त्याच्या डिबगरची एक खोड होती. तो बंद केला, की धरलेल्या प्रोग्रामला मारूनच बंद व्हायचा. न मारता सोडून देण्याची सोय लोक वर्षानुवर्षं मागत होते, आणि हा त्यांच्यावर डाफरायचा, पाहिजे तर स्वतः लिहा!

त्याने मनोजला फोन लावला. "ती ओळ बंद करू नको. डिबगरही बंद करू नको."

"काहून?"

"सांगतलं तर मले येड्यात काढशील. नको म्हणजे नको!"

तेवढ्यात लाइट गेली. मेलीला आताच जायचं होतं! लॅपटॉपची बॅटरी आधीच मरतुकडी, आणि ती संपली की डिबगरही बंद! तो दात-ओठ खात न मारता सोडण्याची आज्ञा लिहायला बसला.

"अवो, जेवान निवून राहिलं," पिंकी दारात येऊन म्हणाली.

"गप बस ना थोडी!" तो खेकसला, आणि लगेच मागे वळला. "नाही, नाही. बोल तू. बोलतच राह्य."

"काय झालं तुमाले?"

"बोल म्हणतो ना!"

बिचारीने शकुनच्या घरचं लग्नातलं सगळं भांडण पहिल्यापासून सांगायला घेतलं. इकडे लिंकरने नवा तुकडा जोडायला नकार दिला. स्वतःच्याच लिंकरला त्याने चार शिव्या हासडल्या, चूक काढली, परत जोडला. सोड, अशी आज्ञा दिली.

ओळ गेली. पिंकी अजून बोलतच होती. त्याचा जीव भांड्यात पडला. बायकोची कटकट इतकी गोड त्याला कधीच लागली नव्हती.

मग त्याच्या मनात आलं, आपल्याकडची ओळ पिंकीची, तर मनोजकडची कोणाची?

त्याने घाईघाईने फोन लावला. "मनोज, त्या ओळीले हात नको—"

"—लावू!"

वाक्य त्याने पुरं केलं, पण तो आडवा होता.

कोणीतरी किंचाळलं. खोलीत पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया बसल्या होत्या. उशाशी मेणबत्ती जळत होती. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं.

पिंकीचे डोळे सुजून लाल झाले होते.

जवळच त्याचा फोन वाजत होता. शेजारच्या गोपालने भेदरून तो उचलला. मनोजचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"अबे, काल बोलता बोलता मुका काहून झाला? तू बंद करू नको म्हणाला, म्हणून ते ओळ म्या नुसती थांबवून ठेवली अन् हिवरखेडले लग्नाले गेलो. मुक्कामच पडला तिथं. आता चालू केली पाह्य."

नागसेनला ओरडायचं होतं, पण नाकाने श्वासच येईना. त्याने बोट लावून पाहिलं.

दोन्ही नाकपुड्यांत कापूस होता.