खिडकी काढू का?

"मी ही खिडकी काढू का?"

शिडीवर चढलेल्या मात्वेयने दचकून खाली पाहिलं. खाली एक मुलगी उभी होती. गोल चेहरा, कपाळावर सरळ कापलेले केस, केसांत पॉपलरच्या झाडाचा कापूस अडकलेला, आणि तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखा भाव. जून लागला की इर्कुत्स्कमध्ये हा कापूस कुणालाच सोडत नाही. नाकात, चहात, उशीवर... सगळं शहर शिंकत असतं.

"नका काढू," तो गंभीरपणे म्हणाला. "बसवायला तीन दिवस गेलेत."

मुलगी गोंधळली. मग तिने हातातला मोबाइल वर धरून दाखवला, आणि मात्वेयचा जीव भांड्यात पडला.

"फोटो! खिडकीचा फोटो काढू का, असं म्हणा. नुसतं 'खिडकी काढू का' म्हटलंत तर मी शिडीवरून पडेन."

"काढू दे रे तिला," आतून आवाज आला. घराच्या मालकीणबाई झोया पेत्रोव्ना चहाचा पेला घेऊन त्याच खिडकीत बसल्या होत्या. "हिवाळ्यात तशीही नुसता वारा आत घेते ती."

मुलगी कानापर्यंत लाल झाली. पण पळून गेली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने वाक्य मनात जुळवलं, ओठांवर एकदा घोळवून पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "खिडकीचा फोटो काढू का?" मात्वेय शिडीवरून बाजूला सरकला. फोटोत तो अर्धा आलाच. तो अर्धा तिने मुद्दाम घेतला की चुकून, ते तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

तिचं नाव सोलोंगो. मंगोलियातल्या दार्खान शहरातून ती वर्षभराच्या शिष्यवृत्तीवर रशियन शिकायला आली होती. वर्षातला बराचसा काळ उणे तीस अंशांत वसतिगृह ते वर्ग आणि वर्ग ते वसतिगृह एवढ्यातच गेला. आता शेवटचे चोवीस दिवस उरले होते आणि शहर पाहायचं राहिलं होतं. तिने देवळं, संग्रहालयं, नदीकाठ अशी यादी केली होती. मात्वेयने ती यादी वाचली आणि घडी घालून परत दिली.

"यात खिडक्या नाहीत," तो म्हणाला.

तो लाकडी घरांच्या डागडुजीचं काम करायचा. शंभर-दीडशे वर्षांची घरं, त्यांच्या खिडक्यांभोवती कोरलेल्या महिरपी... कुठे वेल, कुठे पाखरं, कुठे सूर्याचे किरण. कुजलेला तुकडा काढायचा आणि तस्साच नवा कोरून बसवायचा. बोटांना कायम जवसाच्या तेलाचा वास. संध्याकाळी काम संपलं की तो तिला खिडक्या दाखवायला न्यायचा. तिथे जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे खिडक्यांना तोटा नव्हता.

आणि तिच्या चुकांनाही नव्हता. वर्गात चूक झाली की गुण जायचे. इथे चूक झाली की मात्वेय चालता चालता थांबायचा आणि पडलेला रुमाल उचलून द्यावा तसा बरोबर शब्द तिच्या हाती द्यायचा. हसायचा नाही. फार तर डाव्या गालात काहीतरी हलायचं. मग सोलोंगो त्या गालाकडे पाहण्यासाठी बरोबर येणारं वाक्यसुद्धा चुकवू लागली. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण खरं आहे.

एकदा झोया पेत्रोव्नांच्या पायरीवर बसून ती त्यांच्या मांजराशी बोलत होती. आपण कसे आहात, आपण जेवलात का, असं सगळं आदराने.

"मांजराला 'तू' म्हणतात," मात्वेय म्हणाला.

"आणि तुम्हाला?"

तो पटाशीची धार बघत बसला. धार चांगलीच होती. "मला... मलाही चालेल 'तू'."

"मांजराइतके जवळचे झालात का?"

"मांजर चार वर्षं राहतंय इथे. मी जरा घाईत आहे."

घाई कशाची ते दोघांनाही माहीत होतं.

बाजाराजवळच्या खानावळीत मात्र पारडं फिरलं. ताटलीत वाफाळणारे मांसाचे मोदकासारखे गोळे आले. मात्वेय कौतुकाने म्हणाला, ही आमची पोझी. सोलोंगोने काटा खाली ठेवला. ह्याला बूझ म्हणतात, ती म्हणाली, हे आमच्याकडून तुमच्याकडे आलेत, आणि काट्याने भोसकून खायचे नसतात. हातात धरायचं, खालून बारीकसा चावा घ्यायचा, आधी आतला रस प्यायचा. मात्वेयने शहाण्यासारखं ऐकलं आणि सगळा रस सदऱ्यावर सांडला. ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. हसता हसता तिने रुमाल काढून त्याच्या सदऱ्याला लावला, आणि मग हात तिथेच राहिला... जरा जास्तच वेळ. दोघांनी एकदमच दुसरीकडे पाहिलं.

आता खरी अडचण सांगायची वेळ आली. विद्यापीठाने तिला आणखी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी जागा देऊ केली होती. सव्वीस तारखेच्या शुक्रवारपर्यंत सही करायची. इकडे आईने दार्खानला एका कंपनीत दुभाष्याची नोकरी बघून ठेवली होती आणि रोज फोनवर विचारत होती, येतेस ना? शिकायला सोलोंगोला हवंच होतं. पण केवळ एका मुलासाठी राहायचं आणि त्या मुलाला मात्र तिच्या चुका दुरुस्त करण्याचीच गंमत वाटत असावी, ही भीती तिच्या मनातून जात नव्हती. तसं झालं तर दोन वर्षं याच गल्ल्यांतून, याच खिडक्यांखालून मान खाली घालून जावं लागणार होतं.

रविवारी ते मिनीबसने बैकाल सरोवराच्या काठी लिस्त्व्यांकाला गेले. भुरभुरता वारा होता. दगडांवर बसून त्यांनी धुरी दिलेला मासा कागदातून हातानेच खाल्ला. पाणी असं थंड की पाय बुडवला तर हाडापर्यंत कळ जावी. तरी तिने बुडवला, कारण पुढचं बोलायला धीर हवा होता. तिने सगळं सांगितलं. जागेचं, सहीचं, आईचं. एकही चूक न करता. मग विचारलं, "मी काय करू?"

मात्वेयने माशाच्या कागदाची घडी घातली. त्याचा हात तिच्या केसांकडे गेला, तिथे कापूस होता, पण मध्येच परत आला.

"जशी तुझी इच्छा," तो म्हणाला.

सोलोंगोला वाक्यातला शब्दन् शब्द कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत राहिली. तो दोनदा काहीतरी बोलायला वळला आणि दोनदा नुसताच खाकरला.

सोमवार, मंगळवार, बुधवार ती त्या गल्लीत फिरकली नाही. यादीतली दोन संग्रहालयं तिने पाहून टाकली, पण काय पाहिलं ते विचारू नये. गुरुवारी ती झोया पेत्रोव्नांचा निरोप घ्यायला गेली, मात्वेय कामावर नसेल अशी वेळ साधून. म्हातारीने तिला आत बसवलं, चहा ओतला, जॅमची वाटी पुढे सरकवली आणि सरळ विषयाला हात घातला.

"काय म्हणाला तो गाढव?"

सोलोंगोने सांगितलं.

"वाटलंच. तीन दिवसांत तीन फळ्या वाया घालवल्या त्याने. पाखराला पंखच तीन कोरले. मी विचारलं, अरे तिला थांब का म्हणत नाहीस? तर म्हणतो, तिची आई तिकडे, घर तिकडे, मी थांब म्हणायचं आणि तिने माझ्यापायी थांबायचं... हा हक्क मला कुणी दिला?" झोया पेत्रोव्नांनी चहाचा घोट घेतला. "दुसऱ्याची वाक्यं दुरुस्त करत हिंडतो, आणि स्वतःचं एक बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी."

सोलोंगो वाटीतलं जॅम चमच्याने ढवळत राहिली. म्हणजे गंमत नव्हती ती. छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याच्या जागी राग आला, चांगला सणसणीत राग. निघताना तिने रविवारच्या गाडीची वेळ सांगितली आणि ती कुणाकुणाला सांगायला हरकत नाही, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कचेरी बंद व्हायला अर्धा तास असताना ती तिथे पोहोचली. कागदावर तिने काय लिहिलं ते त्या दिवशी कुणालाच कळलं नाही, म्हणून आपणही जरा दम धरू.

रविवारी सकाळी पावसाची बुरबुर होती. भिजलेल्या कापसाचे लगदे फलाटाच्या कडेला साचले होते. मात्वेय गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी आला, धावत, छत्रीशिवाय, आणि समोर येऊन नुसता उभा राहिला. केसांतून पाणी ओघळत होतं.

"झोया पेत्रोव्नांनी वेळ सांगितली," तो म्हणाला.

"मीच सांगायला सांगितली होती."

त्याने तिची पेटी उचलून डब्याच्या दाराशी ठेवली. मग पुन्हा येऊन उभा राहिला. तिकीट तपासणारी बाई दोघांकडे बघून मुद्दाम दुसरीकडे वळली. पाच मिनिटं उरली. तीन उरली.

"बरं," सोलोंगो म्हणाली, "मी घरी जाऊन येते."

मात्वेयचं लक्ष सवयीने शब्दावर गेलं.

"ते... ते क्रियापद इथे चालत नाही. 'जाऊन येते' म्हणजे परत येणार. तू कायमची चाललीस. तेव्हा 'निघून जाते' म्हणायचं."

"मला माहीत आहे."

"मग..."

"मग क्रियापद बरोबर आहे, मात्वेय. शुक्रवारी सही केली मी. एक सप्टेंबरला वर्ग सुरू होतात."

तो बघतच राहिला. पाऊस त्याच्या पापण्यांवर होता की आणखी काही, ते तिने नीट पाहिलं नाही, कारण तिचेही डोळे भरले होते.

"तुझ्यासाठी नाही केली," ती म्हणाली. "मला शिकायचंच होतं. आईला सांगितलंय, ती काल दिवसभर रडली, आता लोकरीचे मोजे विणतेय. पण... तुझ्यासाठीही केली. हक्कबिक्क तू विचारत बसू नकोस, तो माझा मी ठरवीन. तू फक्त बोल. आणि अर्धं नको, पूर्ण वाक्य."

गाडीने शिट्टी दिली. मात्वेयने तिचे दोन्ही हात धरले. तेलाचा वास आला, ओल्या लोकरीचा आला.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, सोलोंगो," तो म्हणाला. "लवकर ये."

वाक्यात एकही चूक नव्हती. तरी तिने त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.