पन्नास मिनिटं

गुडघाभर पाण्यात उभी राहून मी त्याला हसले, ती आमची पहिली भेट.

कालावलच्या खाडीत आम्ही एकतीस बाया ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढतो. यशोदाकाकीचा भाचा धनेश पुण्याहून सुट्टीला आला होता. त्याने प्रोग्रॅम लिहून सगळ्यांच्या मोबाइलवर ओहोटीचा मेसेज यायची सोय केली. पहिल्या दिवशी सगळं छान झालं. दुसऱ्या सकाळी मेसेज आला म्हणून आम्ही टोपल्या घेऊन धावलो, तर पाणी अजून उतरायचंच होतं. काठावर लॅपटॉप छातीशी धरून तो उभा… चेहरा एवढासा.

"चोवीस तास मोजलंस?" मी विचारलं.

"मग? दिवस तेवढोच आसता."

"दर्याचो नाय. ओहोटी रोज पन्नास मिनिटा उशिरा येता. चंद्राच्या मागसून."

त्याने भर उन्हात आकाशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. जरा जास्तच वेळ.

"ह्या माका कोणी शिकवूक नाय," तो हळूच म्हणाला.

मग माडाखाली बसून त्याने मला त्याची दुनिया दाखवली. "हे थ्रेड, प्रोग्रॅमातले धागे. एकेकीसाठी एक. जिचा घर लांब, तिचो आधी उठता नि मेसेज धाडता."

"तवसर काय करता?"

"निजता. बाकीचा काम चलत ऱ्हवता. कोणाचा कोणाक अडत नाय."

मी त्या काळ्या पडद्याकडे बघतच राहिले. एकतीस जण आत निजलेले, प्रत्येकाला आपली वेळ ठाऊक. आणि खाडीही तशीच, कुणी न उठवता रोज उठणारी. अंगावर काटा आला. त्याचा हात माझ्या हाताजवळ होता, तेही एक कारण असेल.

आठ दिवस कसे गेले कळलं नाही. तो जायच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला ओहोटी होती. टोपली उचलून देताना तो म्हणाला, "उद्या ओहोटीक तुका एक मेसेज येतलो. निजवन ठेवलंय."

उद्याची ओहोटी तीन-पन्नासला. त्याची गाडी साडेतीनला. म्हणजे तो गेल्यावर… मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी रागारागात मी वेळेआधीच खाडीत उतरले. पाणी अजून मांडीला लागत होतं, तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. बरोब्बर तीन.

'आकांक्षा, तू माका आवडतंस. तोंडार सांगूक धीर होणा नाय.'

पुन्हा चोवीस तास मोजले वेड्याने. मी टोपली तशीच टाकली आणि ओल्या साडीने स्टँडवर धावले. गाडी लागलेली. तो पायरीजवळ उभा, रस्त्याकडे डोळे लावून.

"पन्नास मिनिटा परत इसारलंस?" मला धाप लागली होती.

"इसारलंय नाय गो," तो म्हणाला. "मुद्दाम ठेवलंय. तू येतंस काय, ता बघूचा होता."

इतका विचार, आणि तो माझ्यासाठी…

"माका पण आवडतंस," मी म्हटलं. कंडक्टर ऐकत होता. ऐकू दे.

"गणेश चवथीक येतंय."

"तवसर माका निजवन ठेवचा नाय हां. रोज फोन करूचो."

तो हसला. गाडी सुटली. मी खाडीवर परतले तेव्हा बायांचे फोन एकामागून एक वाजत होते. पाणी खरंच उतरलं होतं, आणि माझी टोपली काकीने धरून ठेवली होती.