मडमेच्या सात तबकड्या

बोली पुकारणारा माणूस श्वास घ्यायला थांबला, आणि तेवढ्यात विद्युल्लतेनं हात वर केला.

बेळगावच्या कॅम्पात एका मेजरचा बंगला रिकामा होत होता. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि त्याच्या सामानाचा हर्रास भर दुपारी व्हरांड्यात चालला होता. आरामखुर्च्या, चहाची भांडी, वाघाचं कातडं... विद्युल्लतेला यातलं काहीच नको होतं. तिला हवी होती एक पत्र्याची पेटी. पेटीत ग्रामोफोनच्या सात तबकड्या होत्या आणि सातही रोझलिन मर्सरच्या. रोझलिन म्हणजे अमेरिकेतल्या बोलपटांत नाचणारी, गाणारी नटी. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून घरी परतताना गेली दोन वर्षं विद्युल्लता याच बंगल्याच्या कुंपणाशी थबकायची. कधी चपलेचं निमित्त, कधी छत्रीचं. खरं कारण एकच, आतून येणारा तो आवाज.

"पेटी बाईंची!" बोलीवाला ओरडला.

ती पेटी छातीशी धरून वळली, तर समोर एक उंच, सावळा तरुण उभा. काखेत साहेबाचा फोनो, आणि चेहरा असा, की जणू कुणी त्याच्या ताटातली भाकरी उचलली.

"बाई, प्लेटी तुम्ही घेतल्या. आता ह्या फोनोवर मी काय लावू? थालीपीठ?"

"हर्रासात वेळेवर हात वर करावा लागतो. तुम्ही बघत कुठं होता?"

त्यानं फोनो दुसऱ्या काखेत घेतला. कान मात्र लाल झाले... आणि आपण विचारू नये ते विचारलं, हे तिला जरा उशिरा कळलं.

"तुमच्याकडं फोनो हाय?" त्यानं घाईघाईनं विषय बदलला.

"नाही."

"मग प्लेटींचं काय करणार?"

"बघत बसेन."

तो एवढ्या मोठ्यानं हसला, की बोलीवाल्याची पुढची बोली चुकली.

त्याचं नाव रायगोंडा. निपाणीच्या आप्पाण्णा या जैन तंबाखू व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा. त्यांच्या वखारीत शंभर बायका दिवसभर तंबाखूची पानं निवडत, नाकाला पदर बांधून, शिंकत, खोकत. "नाकाला तर सुख न्हाई, कानाला तरी असावं म्हटलं," तो म्हणाला. म्हणून फोनो. त्याची थोरली बहीण तारामती बेळगावला लागूनच असलेल्या शहापुरात राहायची आणि तो दर शनिवारी बाजाराच्या कामानं तिच्याकडं यायचा. पेटी घेऊन तुम्हीही या, आक्का घरातच असते, असं त्यानं एका दमात सांगितलं आणि 'हो' ऐकायच्या आत रस्ता उतरून गेलासुद्धा.

विद्युल्लता गेली. पहिल्या शनिवारी एक तबकडी घेऊन, दुसऱ्या शनिवारी दोन.

तारामती घराच्या पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत बसायची. रायगोंडा फोनोला चावी द्यायचा, विद्युल्लता पदरानं तबकडी पुसायची, आणि मग त्या छोट्याशा घरात रोझलिनचा आवाज शिरायचा... बाहेर बारीक पावसाची झड, आत कर्ण्यातून सात समुद्रांपलीकडची बाई. ती लाजत नव्हती, विनवत नव्हती. दार सताड उघडून उंबऱ्यावर उभं राहावं तशी गायची. एका गाण्यात तर मध्येच तिला हसू फुटलं होतं आणि ते तसंच तबकडीत राहिलं होतं. तेवीस वर्षांची विद्युल्लता इतकी वर्षं गाणं शिकली होती, शिकवत होती. पण गाता गाता हसायला परवानगी असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय म्हणती ती?" रायगोंडा विचारायचा.

"म्हणते... तू येणार होतास म्हणून मी नवे बूट घातले."

"आनि पुढं?"

"पुढं..." ती अडखळायची, "पुढं म्हणते की, तू आला नाहीस तरी मी नाचणारच आहे."

"लई ग्वाड हाय. परत सांगा."

असं दर शनिवारी. तेच गाणं, तोच प्रश्न. शेवटी एकदा तिच्या हातून फोनोची सुई निसटली, ती उचलायला तो वाकला, आणि त्याच्या कोटाच्या खिशातून एक इंग्रजी कादंबरी खाली पडली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"येतंय थोडं. बी. ए. झालोय."

"मग इतके दिवस मला अर्थ का विचारत होता?"

त्यानं सुई तिच्या तळहातावर ठेवली. बोटं तिथून लगेच निघाली नाहीत.

"तुमच्या तोंडनं ऐकायचा असतोय," तो हळूच म्हणाला.

"तांदूळ निवडून झाले," तारामतीनं जाहीर केलं, "पण मी परत निवडते. चालू द्या तुमचं."

एवढी मोठी गोष्ट शहापुरातून शहरात पोचायला किती वेळ लागणार? भाद्रपद संपायच्या आत मुख्याध्यापिका जयाबाईंनी विद्युल्लतेला बोलावून घेतलं. समोर निनावी पत्र.

"गाण्याच्या बाई तंबाखूवाल्याच्या घरी जाऊन मडमेची नाचाची गाणी ऐकतात, असं लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय. फक्त सही राहिली."

"विद्युल्लताबाई, थट्टा नाही ही. कमिटीनं सांगितलंय. शाळा किंवा शनिवार, एक निवडा."

विद्युल्लतेनं क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात तिच्या वर्गातल्या मुली लंगडी खेळत होत्या.

"शनिवार," ती म्हणाली.

घरी वडील, दत्तोपंत वकील, येरझाऱ्या घालत होते. आई गेल्यापासून त्यांनीच तिला वाढवलं होतं. वेणीसुद्धा घालायचे, वेडीवाकडी.

"तो जैन, आपण ब्राह्मण. उद्या कोर्टात माझ्याकडं बोट दाखवतील. काय सांगू मी?"

"सांगा, मुलगी सज्ञान आहे. कायदा तुम्हीच शिकवलात, बाबा."

त्या दिवसापासून दत्तोपंतांनी तिच्याशी बोलणंच सोडलं.

आणि पुढच्याच शनिवारी शहापूरहून एक हमाल आला. डोक्यावर फोनो, हातात चिठ्ठी. 'माझ्यापायी तुमची शाळा गेली. आता घर तरी जाऊ नये. फोनो तुमच्याकडंच असू द्या. मी आता निपाणीतच राहीन, शहापूरला येणार नाही. — रायगोंडा.'

विद्युल्लतेनं चिठ्ठी एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. रडायला यायला हवं होतं... आला तो संताप. परस्पर निर्णय! न विचारता, न सांगता, मोठा त्याग करून मोकळे! तिनं हमालाला पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, "बसू नका. हा फोनो तसाच मोटारस्टँडवर न्या."

दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं ती निपाणीत उतरली. मांडीवर पत्र्याची पेटी, शेजारच्या जागेवर फोनो, त्याचंही तिकीट काढलेलं.

वखारीत शिरल्याबरोबर तंबाखूच्या धुरळ्यानं तिला सात-आठ शिंका आल्या. शंभर बायकांचे हात थांबले. पलीकडं गादीवर आप्पाण्णा बसले होते, आणि तराजूपाशी रायगोंडा, पांढराफटक.

तिनं एका पोत्यावर फोनो ठेवला. चावी दिली. तबकडी चढवली. रोझलिनचं ते हसू वखारीच्या पत्र्यांपर्यंत उसळलं, आणि बायकांमधली म्होरकी धोंडूबाई नाकावरचा पदर सोडून म्हणाली, "अगं बया, ही कशापायी एवढी खूश हाय?"

"कुणाची पोर तू?" आप्पाण्णांनी विचारलं.

"दत्तोपंत वकिलांची. तुमच्या मुलाचा फोनो परत करायला आलेय. तबकड्या माझ्या आहेत. दोन्ही एका घरात राहणार असतील तरच ठेवून जाईन."

तबकडी संपून सुई नुसती खरखरत फिरू लागली.

"आमच्या घरात राहणं सोपं न्हाई," आप्पाण्णा सावकाश म्हणाले. "कांदा न्हाई, लसूण न्हाई. दिवस बुडायच्या आत जेवावं लागतंय."

"मला संध्याकाळी लवकरच भूक लागते."

धोंडूबाई फिसकन हसली. पाठोपाठ शंभरजणी. आप्पाण्णांनी मिशीवरून हात फिरवला, हसू लपवायला की राग, ते कळेना.

"रायगोंडा, तू कशाला मुका बसलायस? बाईमाणूस एवढ्या लांबनं आलंय."

रायगोंडानं तराजू सोडला. सगळ्यांच्या देखत शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"हर्रासाच्या दिवशी मी हिच्याकडंच बघत होतो, आप्पा. म्हणून हात वर करायचा राहिला. आता करतो."

"मी लग्नाला येणार न्हाई," आप्पाण्णा म्हणाले. मग गादीवरून उठता उठता, "पर आडवाबी येणार न्हाई."

धर्म न सोडता रजिस्टर लग्न करता येत होतं. त्यासाठी चौदा दिवस आधी नोटीस लावावी लागे. बेळगावच्या कचेरीतल्या फळ्यावर ती लागली. वकील, कारकून, पक्षकार, सगळे येता-जाता वाचत. कुणी तोंडावर थुंकल्यासारखं करी, कुणी चोरून हसे. विद्युल्लता आणि रायगोंडा रोज अकराला तिथं जाऊन उभे राहत. "ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं आमच्या तोंडावर म्हणावं," ती म्हणायची. कुणी म्हटलं नाही.

तेराव्या दिवशी दत्तोपंत आले. काळा कोट, हातात काठी. गर्दी आपोआप बाजूला झाली. वकीलसाहेब हरकत घेणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. विद्युल्लतेनं रायगोंडाची बाही घट्ट धरली.

दत्तोपंतांनी चष्मा लावला. नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचली. मग कारकुनाला हाक मारली.

"नाव चुकलंय. विद्युल्लता. ल ला ल जोडलेला हवा. इथं एकच आहे. उद्या कुणी म्हणेल, ही मुलगी ती नव्हेच." त्यांचा आवाज जरा फाटला. "माझ्यासमोर दुरुस्त करा."

कारकुनानं दुरुस्त केलं. ते तिच्याकडं न बघता निघून गेले. ती मात्र त्यांच्या पाठीकडं बघत राहिली... काठी उगाचच जोरात आपटत चालले होते.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार होते. तारामतीनं कानडीत सही केली, धोंडूबाईनं अंगठा दिला, तिसरा साक्षीदार रजिस्ट्रारच्या दारातला चहावाला. मेजापलीकडून रजिस्ट्रारनं सांगितलं, आता दोघांनी एकमेकांना नवरा-बायको मानल्याचं बोलायचं.

रायगोंडा बोलला, पण कुजबुजल्यासारखं. "मी... तुला... माझी पत्नी मानतो." त्या पहिल्यावहिल्या 'तुला'वर त्याचे कान पुन्हा लाल झाले.

व्हरांड्यात खिडकीला डोकी चिकटली होती. कुणीतरी खाकरलं.

"बाई, हळू म्हटलंत तरी कायद्याला चालतं," रजिस्ट्रार चपापून म्हणाला.

"मला नाही चालत," विद्युल्लता म्हणाली. ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली, आणि रस्त्यावरच्या टांगेवाल्यालाही ऐकू जाईल अशा मोकळ्या, भरल्या आवाजात म्हणाली—

"मी, विद्युल्लता, तुला, रायगोंडाला, माझा नवरा मानते!"

आणि शेवटच्या शब्दावर तिला हसू फुटलं. तिनं ते आवरलं नाही.