पिवळा टाका

ओत्ताविया सेराग्नोनं बुटाचं खोकं टेबलावर आपटलं.

“माझ्या वडिलांना आज पाच वाजता लबाड ठरवणार आहेत. आणि ते जाऊन चार वर्षं झाली!”

एर्सिलिया मोंकिएरो यांनी चष्मा लावला. तीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता खाजगी तपास करत. त्यांचा दीर तुल्लिओ, माजी पोस्टमन, मदतीला असे. म्हणजे कॉफी प्यायला.

खोक्यात पितळी रंगाचा कार्ब्युरेटर होता.

“आमची १९३६ची बेल्ट्रामो गाडी जुन्या गाड्यांच्या क्लबच्या नोंदवहीत पहिल्या पानावर आहे. ‘संपूर्ण मूळ’ म्हणून. क्लबही बाबांनीच काढलेला. काल तपासणीत हा नक्कल निघाला. म्हणे, बाबांनी खरा विकून टाकला असणार. आज त्यांचं नाव खोडणार.”

“गाडी पळते ना?” तुल्लिओ म्हणाला. “मग सुट्या भागाची जात कशाला विचारायची?”

“भावोजी, तुमच्या तोंडात सगळ्या जाती आहेत. पुढचे दात मूळ. चांदी भरलेली दाढ म्हणजे दुरुस्त केलेला मूळ भाग. कवळी ही नक्कल.”

“आणि कारखान्याचा न वापरलेला जुना माल?”

“अक्कलदाढ. आहे, पण कधी वापरली नाहीत.”

एर्सिलियाबाईंनी कार्ब्युरेटर उलटा केला. बुडाशी बोटभर लांबीचा उंचवटा होता.

“एकसष्ट साली घाटात दगड लागून तडा गेला,” ओत्ताविया म्हणाली. “बाबांनी स्वतः कथलाचा टाका मारला. पांढरा.”

हा टाका मात्र बाकीच्या धातूसारखाच पिवळा होता. बाईंनी फक्त मान डोलावली.

गॅरेजात मेकॅनिक ग्वाल्तिएरो गाडीखालूनच बोलला. “मार्चमध्ये कार्ब्युरेटर मीच बसवला. पाना निसटला आणि कडेचा टवका उडाला. ओत्तावियाला बोललो नाही, बाई. तुम्हीही बोलू नका.”

बाईंनी खोक्यातल्या कार्ब्युरेटरच्या कडेवरून बोट फिरवलं. कड अखंड होती.

सुटे भाग विकणारी निवेस सरळ अंगावर आली. “एप्रिलमध्ये चार दिवस माझ्याकडे होता, साफसफाईला. नकलाही विकते मी! पण पावतीवर ‘नक्कल’ लिहून. तुमच्या नवऱ्याच्या ‘मूळ’ बंपरची पावती काढू का?”

“हीच!” बाहेर पडताच तुल्लिओ पुटपुटला.

क्लबचा सचिव फुल्विओ आर्दिसोने हा अगदी मऊ माणूस. “साठ वर्षांत तो गाडीवरून पहिल्यांदा उतरला तो यंदा जानेवारीत, आमच्या प्रदर्शनासाठी. मार्चपर्यंत माझ्याकडे होता, मग मी थेट ग्वाल्तिएरोच्या हातात दिला. मेच्या मिरवणुकीत ओत्तावियाची गाडी दिवसभर माझ्याकडे होती, पण भर चौकात.” मग त्याचा चेहरा उजळला. “माझ्याही बेल्ट्रामोला गेल्या महिन्यात कार्ब्युरेटर मिळाला. बंद पडलेल्या गोदामातला, कारखान्याचा, न वापरलेला. तेवढाच एक भाग मूळ मिळायचा राहिला होता हो!”

पाच वाजता क्लबच्या अंगणात मंडळी जमली. व्हर्मूथ वाइनचे पेले भरले होते, पण हात कुणी लावत नव्हतं. अध्यक्ष डॉक्टर पावेसिओ यांनी नोंदवही उघडली.

“लेखणी जरा थांबवा,” एर्सिलियाबाई म्हणाल्या. “ही नक्कल ओतीव आहे. ओतीव नक्कल मूळ वस्तूच्या जखमाही उचलते. ओत्तावियाच्या वडिलांचा, अंजेलो सेराग्नोंचा टाका हिच्यात आहे, पण कथलाचा नाही, त्याच धातूचा. म्हणजे साचा त्यांच्याच कार्ब्युरेटरवरून घेतला. बरोबर?”

“मग निवेसच!” तुल्लिओ म्हणाला.

“थांबा, भावोजी. मार्चमध्ये कडेचा टवका उडाला. नकलेची कड अखंड आहे.”

“काय? टवका?” ओत्ताविया ओरडली. ग्वाल्तिएरो आपल्या बुटांकडे बघू लागला.

“म्हणजे साचा मार्चच्या आधीचा. निवेसच्या हाती तो एप्रिलमध्ये आला. मार्चआधी गाडीवरून उतरून तो एकाच माणसाकडे होता. अदलाबदल झाली नक्कल ओतून आल्यावर, मे महिन्यात, मिरवणूक जेवायला बसली तेव्हा. फुल्विओ, बॉनेट उघडा.”

फुल्विओच्या गाडीत वरून सगळं लखलखीत होतं. बाईंनी खालून छोटा आरसा धरला. कडेला टवका. बुडाशी पांढरा टाका.

“न वापरलेल्या मालाला एकसष्टची जखम झाली कशी?”



“पण वहिनी, कानस मारून टाका काढला असता तर संपलं असतं,” तुल्लिओ म्हणाला. “एवढा का हा वेडा?”

“कानस हातात घेतली होती,” फुल्विओ म्हणाला. “दोनदा. तो अंजेलोच्या हातचा टाका आहे. एकसष्टचा. मूळ भागावर कानस मारू? मी?”

गंमत म्हणजे सभासदांपैकी निम्म्यांनी नकळत मान डोलावली.

पावेसिओ ओत्तावियाकडे वळले. “पोलिसांना बोलवायचं का?”

ओत्तावियानं ग्वाल्तिएरोच्या खिशातला पाना ओढून फुल्विओच्या हातात ठेवला. “आधी उतरव. माझ्या गाडीत बसव. सगळ्यांसमोर. टवका उडवशील तर बघ!”

अर्ध्या तासात बेल्ट्रामो सुरू झाली. पहिल्या पानावर कुणी रेघ मारली नाही.

मग पावेसिओंनी नोंदवही फुल्विओपुढे सरकवली. “सचिव अजून तूच आहेस. तुझ्या गाडीचं पान काढ.”

फुल्विओनं लिहिलं: कार्ब्युरेटर, नक्कल. लिहिताना त्याला रडू आलं, ते चोरीचं की त्या शब्दाचं, हे एर्सिलियाबाईंनी विचारलं नाही.