उसने ठोके

मैदानाच्या तिसऱ्याच फेरीला ती बाकावर धपकन बसली, तेव्हा शेजारून कुणीतरी म्हणालं, "पळताना दोन वाक्यं धड बोलता येत नसतील, तर वेग फार होतोय तुमचा."

"बोलायला... सोबत... आहे कोण?"

तो हसला. झालं, दुसऱ्या दिवसापासून सोबत होती.

तो फिजिओथेरपिस्ट, लोकांचे गुडघे चालते करणारा. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालून बसली होती, कारण वहिनी म्हणाली होती, "तू? अगं, तुझी तर रोजची बस सुटते." त्यानं तिला आपलं जुनं घड्याळ दिलं आणि छातीला बांधायचा, ठोके मोजून घड्याळाला कळवणारा नवा पट्टा; स्वतःचा जुना पट्टा त्यानं ठेवून घेतला. घड्याळात ठोके दीडशेच्या वर दिसले की पळणं थांबवून चालायचं, एवढाच नियम.

आणि ठोके बघावे तर रोज एकशे पासष्ट! दम लागत नव्हता, तरी तीन आठवडे बिचारी निम्मा वेळ चालतच होती. आपलं काळीजच कच्चं, दुसरं काय... तिनं शर्यतीतून नाव काढायचं ठरवलं. फार वाईट वाटलं तिला.

तेच सांगायला ती त्या दिवशी लवकर आली. पट्टा नीट बांधलेला, पण घड्याळावर नुसत्या दोन रेघा. एवढ्यात तो फाटकातून चालत आला आणि आकडे उमटले - एकशे दहा, एकशे बावीस... तिनं पाठ फिरवून आपला पट्टा सोडला. आकडे चढतच होते.

"हे अजून तुमच्याच पट्ट्याचं ऐकतंय," ती म्हणाली. "इतके दिवस मी तुमच्या ठोक्यांवर चालत होते. पण माझ्या गोगलगायीच्या वेगाला तुमचे एकशे पासष्ट?"

त्याचे कान लाल झाले. "या वेगानं एकटा पळालो की एकशे वीसच असतात. तुम्ही शेजारी असलात की..."

"आत्ता तर तुम्ही नुसते उभे आहात."

"तेच तर."

घड्याळ तिच्या पट्ट्याला जोडून द्यायला त्यानं हात पुढे केला. तिनं मनगट मागे घेतलं. राहू दे म्हणाली, मला धड वाक्यं बोलता येतात, तेवढं पुरे.

शर्यतीच्या दिवशी त्याचं काम शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत होतं. ती एकटीच, स्वतःशी बडबडत धावली. बडबड तुटली की वेग कमी करायची. अठराव्या किलोमीटरला पोटऱ्या भरून आल्या, वहिनीचा चेहरा आठवून तेही रेटलं. रेषेपाशी ही गर्दी, तो कुठे दिसेना... आणि मनगटावर आकडा उमटला. एकशे अडतीस.

रेष ओलांडली, तर समोर तो, हातात टॉवेल.

"पळाले मी आणि धाप तुला?" पहिल्यांदाच ती 'तू' म्हणाली.

"बोलता... येत नाहीये."

"मग मी बोलते. तू मला फार आवडतोस. आणि घड्याळ परत मिळणार नाही."