चिनात्सुनं सुचवलेली मालिका

"जरा वर बघा... आणि हसू नका," चिनात्सु म्हणाली.

समोरच्या खुर्चीतल्या माणसाला नेमकं तेव्हाच हसू आलं. पुढचा दात अर्धा तुटला होता, त्यामुळे ते हसू शाळकरी पोराचं वाटत होतं. माणूस मात्र चांगला तेहतीस-चौतीसचा होता.

"हसू नका म्हटलं ना. ओठ हलला की सावली पडते, रंग चुकतो."

"माफ करा. पण कुणी हसू नका म्हटलं की..."

बाहेर जपानमधल्या तोयामा गावाचा ओला बर्फ पडत होता. त्याच बर्फावरून घसरून तेप्पेइ हायामिझु ट्रामच्या थांब्याच्या कठड्यावर आपटला होता. दंतवैद्यानं त्याला नव्या कॅपचा रंग जुळवायला दोन गल्ल्या पलीकडच्या या कारखान्यात पाठवलं होतं. कारखाना म्हणजे दोन टेबलं, एक भट्टी आणि कपाटभर दातांचे साचे. एका टेबलावर मालकीण तानिगुची बाई बसत आणि दुसऱ्यावर गेली नऊ वर्षं चिनात्सु ओकिता. तिच्या हातचे शेकडो दात या गावात जेवत होते, हसत होते, पण ज्यांच्या तोंडात ते होते त्यातला एखादाच चेहरा तिनं पाहिला होता. तिच्याकडे साचे येत, माणसं नाही.

आज माणूस आला होता, आणि तिचं बोट त्याच्या ओठावर होतं. शेजारच्या दाताला नमुन्यांची पट्टी लावून ती पुटपुटली, "तिसरा नमुना... बहुतेक."

"कडेला जरा निळसर आहे ना?" तो तोंड न मिटता कसाबसा म्हणाला. "आणि वर मुळाशी पिवळा नाही... मधासारखा आहे."

चिनात्सुनं पट्टी खाली घेतली. तो म्हणत होता ते खरं होतं. हे ओळखायला तिला स्वतःला दोन वर्षं लागली होती.

"तुम्ही काय करता हो?"

"कामाबोको विकतो. घरचं दुकान आहे."

"माशाच्या वड्या वाफवणाऱ्या माणसाला निळसर कड कशी दिसते?"

"दिवसभर माशांची पोटं बघतो ना," तो म्हणाला आणि खिडकीकडे पाहू लागला.

एवढ्यात टेबलावरच्या छोट्या पडद्यातून बोटीचा भोंगा वाजला. चिनात्सुनं घाईघाईनं आवाज बंद केला. तिचे कान लाल झाले.

"अ‍ॅनिमे? चित्रांची मालिका?" त्यानं विचारलं.

"हो. काम करताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे. म्हणून..."

"तलवारी आणि राक्षस?"

"छे हो! फेरीबोटीवर काम करणाऱ्या बायका आहेत. तिकिटं फाडतात, दोर बांधतात, डबा खातात."

"आणि गोष्ट काय?"

"हीच!" ती म्हणाली. मग मात्र तिला राहवेना. "शाळेतल्या पोरांच्या गोष्टी ढिगानं आहेत. जग वाचवणाऱ्यांच्याही. पण तिशीतली बाई सोमवारी सकाळी कामावर जाते, साहेबाची बोलणी खाते, तरी हातातलं काम नीट करते... ते दाखवणाऱ्या मालिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या बघितल्या की मला वाटतं, चला, आपणही बरं जगतोय."

मागून तानिगुची बाईंचा आवाज आला. "चिनात्सु, पेशंटचं तोंड उघडंच आहे अजून."

जाताना तेप्पेइनं तिच्याकडे यादी मागितली. तिनं ऑर्डरच्या चिठ्ठीमागे चार नावं लिहिली. एक फेरीबोटीची, एक लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांची, एक डोंगरावरच्या हवामान केंद्राची. चौथ्या नावाखाली तिनं दोन रेघा मारल्या, 'टेकडीखालची पाणी-कचेरी'.

"ही कुणीच बघितली नाही. बारा भागांत आटोपली. पण माझी सगळ्यांत आवडती. शेवटी बघा, हं."

चिठ्ठी वाचता वाचता त्यानं गालावर हात ठेवला. दात ठणकला असेल, असं तिला वाटलं.

कॅप बसली. रंग असा जुळला की नवा दात कोणता ते सांगता येईना. काम संपलं होतं, पण आठवड्याभरानं तो पुन्हा दारात उभा राहिला. हातात कामाबोकोचा खोका होता.

"रंग थोडा बदललाय असं वाटतंय..."

"दाखवा." तिनं दिवा जवळ घेतला, नीट पाहिलं. "काही बदललेलं नाही."

"नाही?"

"नाही. चिनी मातीचा रंग शंभर वर्षं बदलत नाही."

"मग मी पुढच्या वेळी काय सांगून येऊ?"

चिनात्सुनं दिवा मालवला. "फेरीबोट बघून झाली, असं सांगून या."

आणि तो आला. फेरीबोट बघून आला, लिफ्ट बघून आला. मार्चपासून ते दर रविवारी कालव्याकाठच्या चहाच्या दुकानात भेटू लागले. लिफ्टवाल्या म्हाताऱ्यानं निवृत्तीच्या दिवशी पाना कुणाला दिला, यावरून दोघं तासभर भांडत. तो बघायचा फार बारीक. कुठल्या प्रसंगात दुपार आहे आणि कुठल्यात चार वाजून गेलेत, हे तो भिंतीवरच्या उन्हावरून सांगायचा. ती ऐकता ऐकता त्याच्या हातांकडे बघत बसायची... आणि तो वर बघतोय असं दिसलं की चहाकडे.

"तुमचा चहा कधीच संपला," तो म्हणायचा.

"मग काय झालं? कप बघतेय."

पाणी-कचेरी मात्र तो बघेना. आधी म्हणाला, वेळ नव्हता. मग म्हणाला, मिळाली नाही. तिनं स्वतःचा डिस्कचा खोका नेऊन दिला, तर म्हणाला, घरचं यंत्र बिघडलंय. मे महिना उजाडला, गावाबाहेरच्या भातखाचरांत पाणी भरलं, तरी तो खोका त्याच्याकडे न उघडता पडून होता. एका रविवारी त्यानं तो परत आणला.

"बघितली?"

"नाही. ही... राहू द्या. मला नाही आवडणार."

"न बघताच?"

"जी कुणी बघितली नाही, ती चांगली नसेल म्हणूनच ना?"

चिनात्सुनं खोका ओढून घेतला. "तुम्हाला माहितीये? त्या कचेरीच्या भिंतीवर एक ओलीचा डाग आहे. पहिल्या भागात तळहाताएवढा. मग भागागणिक वाढत जातो. सगळ्या गावाच्या नळांची काळजी करणारी माणसं, आणि त्यांच्याच डोक्यावर गळतंय! कुणी एका शब्दानं बोलत नाही. दहाव्या भागात पाऊस थांबतो, आणि डागाच्या कडा वाळून तपकिरी झालेल्या असतात. मी रडले होते त्या डागाकडे बघून. ज्या कुणी तो काढला ना, त्यानं जीव ओतला होता. आणि तुम्ही म्हणता चांगली नसेल!"

त्याचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, आपण जास्त बोललो. पण माफी मागावी इतकंही वाटेना. ती उठून निघून आली.

पुढच्या रविवारी ती कालव्यावर गेली नाही. घरी बसून तिनं पाणी-कचेरीच लावली. शेवटचं गाणं सुरू झालं की एरवी ती चहा ठेवायला उठायची. त्या दिवशी उठायचंही सुचलं नाही. पडद्यावरून नावं सरकत होती. दिग्दर्शन, संगीत... पार्श्वचित्रं, म्हणजे भिंती आणि आभाळ रंगवणारे. सहा नावं होती. चौथं नाव, हायामिझु तेप्पेइ.

तिनं मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा. मग तिची तिलाच लाज वाटली. आपले दात कुणी बनवले हे लोकांना ठाऊक नसतं म्हणून आपण मनात खट्टू होतो, आणि ही नावं आपण एकदाही वाचली नाहीत!

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ती बाजारातल्या त्याच्या दुकानापाशी पोचली. दुकान नुकतंच उघडत होतं. वाफेच्या ढगात तेप्पेइ रबरी बूट घालून फळ्या धूत होता.

"हायामिझु-सान," ती दारातूनच म्हणाली, "तो डाग तुमचा होता?"

त्याच्या हातातला ब्रश थांबला. त्यानं नळ बंद केला.

"दोन रात्री आणि एक दिवस लागला त्याला," तो म्हणाला. "वरचे म्हणाले, भिंत काढायला सांगितली होती, डाग कशाला? कोण बघणार आहे?"

"मी बघत होते."

त्यानं वर पाहिलं.

"मी बघत होते," ती पुन्हा म्हणाली. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? मालिका पडली, स्टुडिओ बंद झाला. माझा हात कागदावर टेकला की कापायला लागायचा, म्हणून घरी आलो. आणि त्या दिवशी तुम्ही त्या नावाखाली दोन रेघा मारल्यात... दोन! मला वाटलं, त्या मालिकेबद्दल बोलायला गेलो तर रडूच येईल. मग रोज नवी सबब." तो कसनुसा हसला. "घरचं यंत्र ठणठणीत आहे."

"ते मला तेव्हाच कळलं होतं."

दोघंही हसली. मग त्यानं ब्रश बाजूला ठेवला आणि सांगून टाकलं. जुन्या सहकाऱ्यानं तोक्योत बोलावलं होतं. नवी मालिका होती, एका गावातल्या धोबीखान्याची, वर्षभराचं काम. तो दोनदा नाही म्हणाला होता. आज तिसऱ्यांदा विचारणार होते.

"हात अजून कापतो?" तिनं विचारलं.

"गेल्या महिन्यापासून नाही. तुम्ही बोलत असता तेव्हा मी रुमालावर कप काढत बसतो, बघितलं नाहीत?" त्यानं श्वास घेतला. "तुम्ही राहा म्हणालात तर राहीन. खरंच. आनंदानं राहीन."

तिला ते म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. सहा महिन्यांपूर्वी तिचे रविवार रिकामे होते, आणि ते पुन्हा रिकामे होणार होते...

"मला खोटे दात करता येतात, खोटं बोलता येत नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही जावं असं मला वाटतं. आणि तुम्ही गेलात की मला फार वाईट वाटणार आहे. दोन्ही खरं."

"वाईट... किती?"

"आता तेही मोजून सांगू?"

जून लागता लागता तो निघाला. स्टेशनवर ती पोचवायला आली. गाडीला सहा मिनिटं होती आणि त्यातली चार त्यांनी हवामानावर घालवली.

"ओकिता-सान," तो म्हणाला. मग थांबला. "चिनात्सु... मला तू आवडतेस. त्या दिवशी तू रंग बघत होतीस, तेव्हापासून."

इतके महिने ती 'तुम्ही' होती. त्या एका 'तू'सरशी तिनं त्याच्या बाहीची कड धरली.

"मग इतके दिवस गप्प का होतास?"

"हसू नका, ओठ हलवू नका, असं कुणीतरी बजावलं होतं."

"तेप्पेइ!" ती हसली, आणि हसतानाच तिचे डोळे भरले. "मलाही. मलाही तू... बस आता, गाडी सुटेल."

गाडी सुटली. ती फलाटावर उभी राहिली, मग ट्रामनं कारखान्यात आली. हात धुऊन तिनं टेबलावरचा साचा पुढे ओढला, पाच मिनिटं नुसताच न्याहाळला आणि उठून तानिगुची बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मला शनिवारची सुटी हवी होती."

नऊ वर्षांत तिनं एकही शनिवार मागितला नव्हता. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"कुठला शनिवार?"

"येता. आणि मग... एक सोडून एक. तोक्योची गाडी सव्वादोन तासांत पोचते."

"मला गाडीचं वेळापत्रक नको सांगूस," बाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. लाल पेन्सिल घेऊन त्यांनी जूनचा पहिला शनिवार गोल केला, मग तिसरा. पान उलटून जुलैचे दोन केले. मग पेन्सिल चिनात्सुच्या हातात दिली.

"माझा हात दुखतो गं," त्या म्हणाल्या. "पुढचे तूच कर."