पाळीचा पलंग

वीज येईपर्यंत बसा इथेच. लूम बंद असले की या गल्लीत फार शांत होतं, नाही? सवय नसते आपल्याला.

दंडपाणी गौडाचं सांगतो. ओडिशातल्या गंजामकडचाच, माझ्या शेजारच्या गावचा. मी तेव्हा या मेसमध्ये, लूमवाल्यांच्या या जेवण्या-झोपण्याच्या जागेत, भात रांधायचो. मला तो नना म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. दंडपाणी फार बोलायचा नाही, पण बोलला तर खोटं बोलायचा नाही.

संक्रांतीच्या आधीचा बुधवार होता. दंडपाणी दुपारी मुकादमाला सांगून सुरत स्टेशनावर गेला. मिनतीला आणायला. मिनती ही सीमांचल नाहकची बायको. सीमांचल जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते.

सीमांचल आणि दंडपाणी यांचा पलंग एक होता. एकानं दिवसपाळी करायची, दुसऱ्यानं रातपाळी, म्हणजे पलंग कधी थंड होत नाही आणि भाडं निम्मं पडतं. लूमही तेच. संध्याकाळी सातला दंडपाणी लूमवरून उतरायचा, सीमांचल चढायचा. दोन मिनिटांची भेट. "भाई, तीन नंबरचा धागा तुटतोय." "बरं. झोप जा." एवढंच. पण सीमांचल रोज उशाशी गमछ्याच्या कोपऱ्यात मूठभर मुरमुरे बांधून ठेवायचा. डावखुरा होता तो. त्याची गाठ उलटी पडायची, दंडपाणीला दातांनी सोडवावी लागायची.

आणि हजेरीचं कार्डही दोघांत एकच होतं. मुकादम म्हणाला होता, "दोन कार्डं कशाला? दंडाच्या नावावर दोन्ही पाळ्या लिहितो, पैसे तुम्ही वाटून घ्या." दंडपाणीला वाटलं, पलंग एक, लूम एक, कार्डही एक असलं तर काय बिघडलं? भावासारखेच तर आहोत.

लूमचा स्टार्टर करंट मारत होता. दंडपाणीनं मुकादमाला दोनदा सांगितलं. मुकादमानं वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. चैत्रातल्या एका रात्री सीमांचलचा हात तिथे चिकटला...

अकरा दिवस तो सरकारी दवाखान्यात होता. केसपेपरवर मुकादमानंच लिहवून घेतलं, मेसमध्ये शॉक लागला म्हणून. शेवटी शेवटी सीमांचल एकच विचारायचा, "दंडा, सात वाजले का? उतर, मला उशीर होतोय."

स्टेशनावर मिनतीनं आधी पिशवी पुढे केली. "भावजी, हे धरा. मुरमुरे आहेत. सवयीनं भाजून आणले... कोणासाठी ते गाडीत बसल्यावर आठवलं."

दंडपाणी तिला जिज्ञाबेनकडे घेऊन गेला. जिज्ञाबेन कामगारांचे खटले बघायच्या. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो, तो लावलाय. विम्याचं कार्ड काढलं असतं तर बाईंना दर महिन्याला पेन्शन मिळाली असती. ते काढलं नाही, म्हणून भरपाई मालकाकडून मागायची. हजेरीत नाव नसलं तरी दावा बुडत नाही. पण तो तिथे काम करत होता हे उद्या कोर्टात शपथेवर सांगणारा कोणी हवा. तो एकच आहे." आणि त्यांनी दंडपाणीकडे बघितलं.

मिनतीनं बघितलं नाही. पोरीच्या फ्रॉकची बाही नीट करावी तशी ती पदराचं टोक नीट करत बसली.

तिला आमच्या घरी सोडून दंडपाणी मेसवर आला, तर दारात मुकादम.

"या साक्षीदारसाहेब! कोट शिवलात का उद्यासाठी?"

दंडपाणीनं चपला काढल्या.

"हे बघ दंडा. तो तुझा गाववाला होता, तुला भेटायला आला होता, एवढंच सांगायचं. कार्ड कोणाच्या नावावर आहे? तुझ्या. दोन्ही पाळ्यांचे पैसे कोणी उचलले? तू. कार्ड खोटं म्हणालास तर पहिला आत जाशील तू. आणि घरचे पाच जण काय खातील? मुरमुरे?"

दंडपाणी वर गेला. साडेनऊ झाले होते. त्याच्या पलंगावर दिवसा कोणी झोपायला तयार नव्हतं, म्हणून ती पाळी रिकामीच होती. त्यानं चादरीवर हात ठेवला.

गरम.

तेराव्यापासून रोज तसंच होतं. माणूस नुकता उठून गेल्यासारखं. दंडपाणी रोज त्याच उबेत झोपायचा, कोणाला काही सांगायचा नाही. त्या रात्री मात्र त्याला तिथे पाठ टेकवेना. तो खाली फरशीवर आडवा झाला. उद्या काय सांगायचं ते त्यानं मनात ठरवलं होतं. पाहुणा होता... म्हणून सांगायचं.

एक वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.

गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले. बाकीचे दिवसपाळीवाले गाढ झोपलेले. अंधार. थंडी.

वर पलंग करकरला.

कोणीतरी कूस बदलली होती.

दंडपाणी हलला नाही. श्वास ऐकू येत होता. सावकाश. थकलेल्या माणसाचा.

मग...

"दंडा..."



"दंडा... सात वाजले का?"

बराच वेळ गेला. मग वरून, अगदी हळू...

"माझी पाळी... लिहिली का रे?"

भीती कधी गेली ते दंडपाणीला कळलं नाही. तो फरशीवर तोंड दाबून रडला. हात वर करून त्यानं चादर चाचपली. उबदार होती. रिकामी होती.

"लिहितो, भाई," तो म्हणाला. "झोप तू."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो कोर्टात साहेबांसमोर उभा राहिला. मालकाच्या वकिलानं कार्ड नाचवलं. "हे तुझंच ना? दिवसपाळी, रातपाळी, दोन्ही तुझ्या नावावर?"

"माझंच. चूक माझी आहे, साहेब. काय शिक्षा असेल ती द्या. पण मोजून बघा. या कार्डावरचा माणूस सलग सव्वीस दिवस, चोवीस तास उभा आहे. असा माणूस असतो का? दिवसा मी होतो. रात्री सीमांचल नाहक होता. त्या स्टार्टरचं मी दोनदा सांगितलं होतं."

साहेबांनी कार्ड मागून घेतलं आणि बोटानं एकेक दिवस मोजत गेले. मिनतीनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

दाव्याचा निकाल मिनतीच्या बाजूनं लागला, पण पावसाळा गेल्यावर. दंडपाणीला मात्र त्याच संध्याकाळी लूमवरून काढलं. तो वळकटी बांधायला वर आला तेव्हा मी त्याच्यासोबत होतो. सात वाजले होते. त्यानं चादरीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"काय रे?" मी विचारलं.

"थंड आहे, नना," तो म्हणाला. "उठून गेला."

मग त्यानं उशी उचलली. खाली त्याचाच गमछा, सकाळी दोरीवर वाळत टाकलेला. कोपऱ्याला गाठ. उलटी.

मिनतीची पिशवी आमच्या घरी होती. पिशवीचं तोंडही कोणी सोडलेलं नव्हतं.

पाच वर्षं झाली त्याला. दंडपाणी आता गावीच असतो. गाठ त्यानं सोडली नाही. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा त्यानं गमछा माझ्या हातात दिला.

मुरमुरे उघड्यावर दोन दिवसांत सादळतात. आणि त्या गमछ्यावरून तर पाच पावसाळे गेले.

मी गाठ कानाशी धरली. हळूच हलवली...

अजून वाजतात.